बंदरावरचे सहा तास आणि जाळीतले पक्षी

समुद्रपर्यटनाच्या मोठ्या जहाजाचा, म्हणजे क्रूझचा, एखाद्या बंदरातील मुक्काम बहुतेक वेळा एका दिवसाचा असतो; त्यातून उतरण्याची रांग, पारपत्राची तपासणी आणि जहाज सुटण्यापूर्वी परत चढण्याची बंधनकारक वेळ वजा केली, तर प्रवाशाच्या हाती पाच-सहा तास उरतात. एवढ्या अवधीत देश पाहून होत नाही, म्हणून जहाज कंपन्या ‘शोअर एक्स्कर्शन’ या नावाने किनाऱ्यावरच्या आखीव सहली विकतात, आणि उष्ण कटिबंधातील बंदरांत या सहलींच्या यादीत पक्षी उद्यान वारंवार आढळते. कोलंबियात कार्ताहेनाला उतरणारे प्रवासी बारू येथील राष्ट्रीय पक्षी उद्यानात जातात, मलेशियात पोर्ट क्लांगला उतरणारे १९९१ साली उघडलेल्या क्वालालंपूरच्या पक्षी उद्यानात जातात, आणि सिंगापूरला उतरणारे शहराच्या उत्तर भागातील मांडाई येथे. जंगल गाठायला दिवस लागतात आणि तेथे गेल्यावरही पक्षी दिसेलच असे नसते; उद्यानात तो हमखास, जवळून आणि ठरल्या वेळेत दिसतो. या हमखासपणाची किंमत पक्षी किती मोजतात आणि त्याच्या बदल्यात त्यांच्या जातीला काही मिळते का, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय असून त्यासाठी सिंगापूरचे उदाहरण घेतले आहे, कारण तेथे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच शहरात पाहायला मिळतात.

सिंगापूरच्या पक्षी उद्यानाचा उगम पर्यटनात नाही. १९६७ साली जागतिक बँकेच्या बैठकीसाठी रिओ दि जानेरोला गेलेले मंत्री गोह केंग स्वी यांनी तेथील प्राणिसंग्रहालयात माणसाला आत शिरून हिंडता येईल असे प्रशस्त पक्षिगृह पाहिले, आणि जुरोंग या नव्याने उभ्या राहणाऱ्या औद्योगिक वसाहतीतील कामगारांना व त्यांच्या मुलाबाळांना सुटीच्या दिवशी जाण्याजोगी हिरवी जागा असावी, या विचारातून तसे उद्यान सिंगापुरात उभारण्याची कल्पना मांडली. ३ जानेवारी १९७१ रोजी जुरोंग टेकडीच्या उतारावर सुमारे २० हेक्टर जागेत ते उघडले. त्यातील धबधब्याच्या पक्षिगृहात ३० मीटर उंचीवरून पाणी कोसळत असे, आणि पुढे मराठी पर्यटकांच्या सिंगापूर सहलीतही जुरोंगची फेरी नेमाने असे. बरोबर ५२ वर्षांनी, ३ जानेवारी २०२३ रोजी, ते बंद झाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात मांडाई येथे ‘बर्ड पॅराडाइज’ या नावाने १७ हेक्टरांवर नवे उद्यान सुरू झाले. तेथे ४०० हून अधिक जातींचे सुमारे ३,५०० पक्षी आहेत, आठ मोठी पक्षिगृहे आहेत, आणि त्यांतील वर जाळी, आत झाडे व पाणी आणि मधून माणसांची पायवाट ही रचना आज जगभर रूढ झाली आहे. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेतील २०२० साली खुले झालेले पक्षिगृहही याच रचनेचे आहे.

पुढील संवादासाठी दोन सहप्रवासी कल्पिले आहेत. एक रत्नागिरी जिल्ह्यातील निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, ज्यांनी संगमेश्वर परिसरातील देवरायांमध्ये धनेश पक्ष्यांची घरटी अनेक वर्षे पाहिली आहेत. दुसरे पशुवैद्य, ज्यांची हयात बंदिस्त वन्यपक्ष्यांच्या उपचारात आणि प्रजननात गेली आहे. शिक्षिकांना सगळे ‘बाई’ म्हणतात, पशुवैद्यांना ‘डॉक्टर’. दोघांचेही पक्ष्यांवर प्रेम आहे, आणि म्हणूनच त्यांचा मतभेद वरवरच्या समजुतीने मिटण्यासारखा नाही.

बाईंचा पहिला आक्षेप वेळेबद्दल आहे. जहाजावरचा न्याहारीचा परिपाठ आटोपून, बंदरातून बाहेर पडून, शहर ओलांडून मांडाईला पोहोचेपर्यंत सकाळ सरत आलेली असते. विषुववृत्तापासून अवघ्या एका अंशाच्या आसपास असलेल्या या बेटावर तेव्हा ऊन चढलेले असते, आणि पहाटे व तिन्हीसांजेला गाणारा, चरणारा, भांडणारा पक्षी नेमका त्या वेळी पानाआड गप्प बसलेला असतो. “डॉक्टर, ज्या वेळी पक्ष्यांनी विसावा घ्यायचा त्या वेळी माणसे त्यांच्याकडे पाहायला येतात, आणि पक्षी निपचित दिसला की पुढच्या जाळीकडे वळतात. चार तासांत ४०० जाती म्हणजे एका जातीला मिनिटभरसुद्धा येत नाही. यातून मुलाच्या मनात काय ठसणार? पक्षी म्हणजे रंग, एवढेच.” त्यांचा मुद्दा इथेच थांबत नाही. सिंगापूर बेटावर आणि त्याच्या भोवतालच्या लहान बेटांवर आजवर मोकळेपणी आढळलेल्या पक्ष्यांच्या जातीही चारशेहून अधिक आहेत, म्हणजे उद्यानात जितक्या जाती तिकीट काढून दिसतात साधारण तितक्याच जातींची नोंद त्या शहराच्या आकाशात, खाडीत आणि झाडांवर झालेली आहे. मात्र त्यांच्याकडे नेणारी सहल जहाजाच्या पत्रकात क्वचितच असते.

डॉक्टर हा आकडा अमान्य करत नाहीत, परंतु त्यातून बाई काढतात तो निष्कर्ष त्यांना पटत नाही. आग्नेय आशियातील वर्षावनात झाडांचे छत्र, म्हणजे उंच झाडांच्या शेंड्यांनी मिळून धरलेले आच्छादन, ३०-४० मीटरांवर असते. खाली उभ्या असलेल्या माणसाला तेथला पक्षी दिसतो तो आकाशाच्या उजेडावर उमटलेल्या काळ्या आकृतीसारखा. तो ओळखायला दुर्बीण लागते, सवय लागते, मान आणि गुडघे शाबूत लागतात. “बाई, तुम्ही वर्षानुवर्षे जे कमावलेत ते सर्वांना कमावता येईल असे नाही. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या आजीला आणि तिच्याबरोबरच्या सहा वर्षांच्या नातवाला लोरी पक्षी पेल्यातला मध कसा टिपतो ते हातभर अंतरावरून दिसते, त्याच्या जिभेच्या टोकावरचे कुंचल्यासारखे केस दिसतात. ते पाहिल्यावर फुलाचा आणि त्या पक्ष्याचा संबंध वेगळा शिकवावा लागत नाही.” गोह यांनी उद्यान कल्पिले ते कामगारांसाठी, ज्यांना जंगलात जाण्याइतकी रजा नव्हती आणि पैसाही नव्हता; निसर्ग पाहण्याचा हक्क सवड असलेल्यांपुरता मर्यादित राहू नये, हा डॉक्टरांच्या भूमिकेचा पाया आहे आणि तो भक्कम आहे.

तरीही जवळून दिसणे आणि कळणे यांत अंतर उरतेच. महाधनेश जंगलात पुष्कळदा दिसण्याआधी ऐकू येतो, कारण त्याच्या पंखांतून हवा जाताना होणारा घरघराट दूरवर पोहोचतो. तो आवाज, त्यानंतरची वाट पाहणे आणि फळांनी लगडलेल्या उंबरावर त्याचे उतरणे हे सगळे मिळून बाईंच्या लेखी ‘धनेश’ होतो. चोच, तिच्यावरचे शिरस्त्राण आणि पिसारा ही त्याची केवळ सामग्री. या मुद्द्यावर डॉक्टरांचे वरचे उत्तर अपुरे पडते, असे नोंदवणे भाग आहे. मोठ्यात मोठ्या पक्षिगृहातही महाधनेशाला रोजच्या भटकंतीइतके अंतर मिळू शकत नाही, आणि जी वागणूक अंतरावर अवलंबून असते ती तेथे पाहायला मिळत नाही.

रोहित पक्ष्यांवरून झालेली चकमक त्या मानाने लहान, पण मुंबईकर वाचकाला जवळची आहे. मांडाईच्या एका पक्षिगृहात अमेरिकी रोहित, तांबडे शराटी आणि गुलाबी चमचे असा लाल-गुलाबी रंगांचा मेळा जमवलेला आहे. रोहिताचा रंग जन्मजात नसतो. शेवाळ आणि बारीक कवचधारी जीव यांतील कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्ये अन्नावाटे पिसांत उतरतात, आणि बंदिवासात ती खाद्यात मिसळून द्यावी लागतात, अन्यथा पक्षी फिकुटतात. हे पक्षी मोठ्या थव्यातच विणीला लागतात, म्हणून थवा लहान असेल तेथे काही संग्रहालये आरसे लावून त्यांना तो मोठा असल्याचा भास देतात. डॉक्टर हे सारे कौतुकाने सांगतात, कारण त्यामागे पक्ष्याच्या मनोव्यापाराची समज आहे. बाईंना मात्र त्याच आरशात बंदिवासाचे उणेपण दिसते. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून क्रूझवर चढणाऱ्या प्रवाशाच्या मागे काही किलोमीटरांवर शिवडीची दलदल आणि ठाण्याची खाडी आहे, जेथे हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत हजारो रोहित चिखलात चोच उलटी धरून चरत असतात. २०२२ साली या खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर स्थळाचा, दर्जा मिळाला. तो थवा न पाहता परदेशी रोहितांसमोर छायाचित्र काढणाऱ्या प्रवाशाला दोष देण्यात अर्थ नाही, असे डॉक्टर म्हणतात, कारण त्याला शिवडीला कोणी नेलेलेच नसते. आणि हे बाईंनाही मान्य आहे.

वादाचा खरा गाभा बंदिस्त प्रजननाचा आहे, आणि तेथे दोघांचाही आवाज बदलतो. डॉक्टर पुढे करतात ती बालीची मैना. डोळ्यांभोवती निळ्या कातडीचा पट्टा, पंख व शेपटीची टोके काळी, बाकी सर्वांग शुभ्र असा हा पक्षी केवळ बाली बेटाच्या वायव्य भागात आढळतो. शास्त्राला त्याची ओळख १९१२ साली जर्मन पक्षिशास्त्रज्ञ एर्विन श्ट्रेझेमान यांनी करून दिली. त्याचे सौंदर्यच त्याच्या मुळावर आले. शेजारच्या जावा बेटाच्या परंपरेत प्रतिष्ठित गृहस्थाजवळ घर, पत्नी, घोडा, क्रिस नावाचा खंजीर आणि पिंजऱ्यातला पक्षी या पाच गोष्टी असाव्यात असा संकेत आहे, आणि त्या संकेतावर पुढे गाणाऱ्या पक्ष्यांच्या स्पर्धांचा व त्यांच्या बाजाराचा मोठा डोलारा उभा राहिला. पकडण्याचा सपाटा इतका वाढला की २००१ च्या सुमारास मुक्त अवस्थेत अवघे सहा पक्षी उरल्याचा अंदाज होता. ही जात तेव्हा संपली नाही, ती जगभरच्या संग्रहालयांत तिची पिढ्यानपिढ्या वीण चालू होती म्हणून. जुरोंगच्या उद्यानातही ती वाढवली गेली आणि तेथून पक्षी इंडोनेशियाला परत पाठवले गेले.

या कामाची रीत डॉक्टर तपशिलाने सांगतात, आणि ती सांगण्यासारखी आहे. प्रत्येक पक्ष्याच्या पायात क्रमांकाची कडी असते. त्या क्रमांकावरून वंशावळीची आंतरराष्ट्रीय नोंदवही, जिला स्टडबुक म्हणतात, ठेवली जाते आणि जवळच्या नात्यातले नर-मादी एकत्र येऊ नयेत म्हणून जोड्या या नोंदवहीवरून ठरतात, मग त्यासाठी पक्षी एका खंडातून दुसऱ्या खंडात न्यावा लागला तरी चालते. सोडण्याआधी त्याला विलगीकरणात ठेवून रोगतपासणी होते, कारण बंदिवासातला एखादा जंतू रानातल्या उरल्यासुरल्या पक्ष्यांत पोहोचला तर उपकाराचा अपकार होतो. “ही नोंदवही नसती तर बाली बेटाचे मानचिन्ह असलेला पक्षी आज फक्त शिक्क्यावर दिसला असता.”

बाई यावर जे म्हणतात ते डॉक्टरांनाही अस्वस्थ करते. १९९९ साली पश्चिम बाली राष्ट्रीय उद्यानातील प्रजननकेंद्रावर सशस्त्र टोळीने दरोडा घातला आणि सोडण्यासाठी वाढवलेले बहुतेक पक्षी पळवले. म्हणजे वीण यशस्वी होती, नोंदवही चोख होती, आणि तरीही पक्षी पुन्हा त्याच बाजारात गेले. “पक्षी आपल्या डोळ्यांसमोर, आपल्या अंगणात, आपल्या मालकीचा हवा, ही हाव जोवर शाबूत आहे तोवर तुमचे इन्क्युबेटर बाजाराला माल पुरवत राहतील, डॉक्टर. आणि जवळून, हमखास दिसण्याची सवय ज्या उद्यानात लागते ते त्या हावेपासून किती दूर आहे?” कोकणातल्या पडवीत टांगलेला राघूचा पिंजरा त्यांनी लहानपणापासून पाहिला आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपट पकडणे, विकणे आणि पाळणे गुन्हा असूनही असे पिंजरे पुरते गेलेले नाहीत, आणि ज्या घरात ते आहेत तेथे प्रेमाची वाण नसते, हे त्या स्वतःच सांगतात. सिंगापूरलाही या बाबतीत स्वच्छ हाताने बोलता येत नाही: २००५ ते २०१४ या दहा वर्षांत, ज्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रण आहे अशा जातींचे सव्वादोन लाखांहून अधिक पक्षी त्या देशात आयात झाल्याची नोंद आहे, आणि त्यांतले पुष्कळसे तेथून पुढे अन्य देशांत गेले.

येथे डॉक्टर बचाव न करता बालीचा पुढचा इतिहास सांगतात, आणि तो या साऱ्या चर्चेतील कदाचित सर्वांत शिकण्याजोगा भाग आहे. दरोड्यानंतरच्या वर्षांत धोरण बदलले. राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेवरील गावांतल्या लोकांना, ज्यांत पूर्वी पक्षी पकडणारेही होते, परवान्यावर मैना वाढवण्याची मुभा मिळाली. वाढवलेल्या पक्ष्यांपैकी काही रानात सोडायचे आणि बाकीचे कायदेशीर रीतीने विकायचे, अशी ती व्यवस्था. घरी वाढलेला पक्षी विकून पैसा मिळू लागला तेव्हा रानातला पक्षी चोरणे फायद्याचे राहिले नाही, आणि गावाची नजर चोराच्या विरुद्ध वळली. मुक्त मैनांची संख्या त्यानंतर शेकड्यांत गेली. बाईंना पिंजऱ्यातल्या विक्रीचे हे उत्तर आवडत नाही, परंतु ते लागू पडले हे त्या नाकारत नाहीत. डॉक्टरांनाही मान्य करावे लागते की जात वाचवण्यात संग्रहालयाचा वाटा अर्धाच होता. बाकीचा अर्धा वाटा जाळीच्या बाहेर, माणसांच्या पोटापाण्याच्या व्यवहारात होता.

सिंगापूरच्या धनेशाची हकीकत हाच मुद्दा अधिक स्पष्ट करते, आणि जहाजावरून उतरलेल्या प्रत्येक प्रवाशाला निदान ती तरी कोणीतरी सांगायला हवी. काळ्या-पांढऱ्या रंगाचा, आपल्या मलबारी धनेशाशी जवळचे नाते असलेला एक धनेश एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर सिंगापुरातून नाहीसा झाला. बेटावरची जुनी जंगले मसाल्याच्या आणि गांबियरच्या, म्हणजे कातडी कमावण्यासाठी लागणाऱ्या अर्काच्या झुडपाच्या, लागवडीसाठी तोडली गेली होती. १९९४ साली मलेशियाच्या बाजूने उडत आलेली एक जोडी ईशान्येकडील पुलाऊ उबिन या लहान बेटावर दिसली. पक्षी परतले, पण त्यांच्या विणीला योग्य जागा नव्हती. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरून तिचे तोंड विष्ठा, चिखल आणि फळांच्या गराने लिंपून घेते, एक चीर तेवढी उघडी ठेवते, आणि अंडी उबवून पिल्ले मोठी होईपर्यंत नर त्या चिरेतून सगळ्यांना भरवत राहतो. एवढी मोठी ढोली मिळायला झाड पुरेसे जुने आणि जाड असावे लागते, आणि नव्याने वाढलेल्या जंगलात अशी झाडे नसतात. २००४ पासून शासनाचे उद्यान खाते, संशोधक आणि जुरोंगचे पक्षी उद्यान यांनी मिळून लाकडी कृत्रिम ढोल्या झाडांवर बसवल्या, आत कॅमेरे आणि तापमान-आर्द्रता मोजणारी उपकरणे ठेवली, आणि मादीला काय सोसते व काय सोसत नाही ते पाहून ढोल्यांत सुधारणा केल्या. आज त्या देशात शंभराहून अधिक धनेश मोकळे हिंडतात, आणि उंच इमारतींच्या कठड्यांवरही ते बसलेले दिसतात.

बाई या हकीकतीने हरखतात, कारण ढोलीचे महत्त्व त्यांच्याइतके क्वचितच कोणाला ठाऊक असेल. कोकणातल्या देवरायांमध्ये देवाच्या धाकाने राखलेले जुने बेहडे आणि आंबे आहेत म्हणूनच तेथे धनेशाची घरटी आहेत. जेथे जीर्णोद्धारासाठी किंवा लाकडासाठी ती झाडे गेली तेथून पक्षीही गेले. परंतु त्यांचे अनुमान डॉक्टरांना पूर्णपणे अनुकूल नाही. “या यशात पिंजरा कुठे आहे, डॉक्टर? पक्षी स्वतः उडत आले. माणसांनी फक्त घर करून दिले.” डॉक्टरांचे उत्तर असे की ते घर किती रुंद, किती खोल असावे आणि मादीला त्यात किती आर्द्रता लागते हे ज्या लोकांना उमगले, त्यांनी धनेशाला रोज भरवत, त्याचे वजन करत, त्याच्या आजारात रात्री जागवत ते ज्ञान मिळवले होते. २०१८ साली जुरोंगमधील एका महाधनेशाच्या शिरस्त्राणाला कर्करोग झाला, तेव्हा वैद्यांनी रोगट भाग काढून त्रिमित छपाईने घडवलेले कृत्रिम शिरस्त्राण त्याला बसवले. त्यासाठी कवटीचा जो बारकाईने अभ्यास झाला तो मोकळ्या धनेशावर करता आला नसता. दोघांचेही म्हणणे खरे आहे, पण वजन सारखे नाही. बंदिवासातले ज्ञान धनेशाला उपयोगी पडले ते तो पक्षी बाहेर असल्यामुळे आणि त्याच्यासाठी बाहेर जागा राखल्यामुळे. ज्या जातीसाठी बाहेर काहीच केले जात नाही, तिच्या बाबतीत तेच ज्ञान उत्तम देखभालीच्या पलीकडे जात नाही. पक्षी उद्यानाचे मोल ठरवायचे तर आत किती जाती आहेत हे विचारण्याऐवजी आतल्या कोणत्या जातीसाठी बाहेर काय चालले आहे, हे विचारले पाहिजे.

या कसोटीवर पक्ष्यांचे खेळ टिकत नाहीत. मांडाईला सुमारे २,००० प्रेक्षकांचे खुले सभागृह असून तेथे पोपट आणि शिकारी पक्षी माणसाच्या इशाऱ्यावर उडून दाखवतात. डॉक्टरांच्या मते उडण्याची संधी आणि बुद्धीला काम मिळणे पक्ष्याच्या प्रकृतीला हितकारक आहे, आणि हे खरेही आहे, पण तेवढ्यासाठी प्रेक्षकांची गरज नसते, या बाईंच्या उत्तरावर त्यांच्याकडे प्रत्युत्तर नाही.

फिलिपिन्सच्या गरुडावर मात्र तडजोड होत नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या गरुडांपैकी एक असलेला, रानात अगदी थोड्या संख्येने उरलेला हा पक्षी. त्याची एक जोडी २०१९ साली फिलिपिन्सने प्रजननासाठी उसनी म्हणून सिंगापूरला दिली, दोन देशांच्या राजनैतिक संबंधांना ५० वर्षे झाल्याच्या निमित्ताने. मायदेशात एखादे वादळ किंवा साथ आली तर जातीचे थोडे तरी पक्षी दूर सुरक्षित असावेत, हा त्यामागचा विचार. २०२३ साली त्यांतला नर फुप्फुसांच्या संसर्गाने दगावला. पक्ष्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, श्वास शरीरात खोलवर फिरतो, आणि त्यामुळे त्यांचे श्वसनरोग बाहेर दिसेपर्यंत पुष्कळ बळावलेले असतात, हे डॉक्टर मान खाली घालून सांगतात. बाईंना विचारायचे ते एवढेच, की इतक्या थोड्या उरलेल्यांपैकी दोन पक्षी मैत्रीची खूण म्हणून समुद्रापार पाठवावेत का.

डॉक्टर तेव्हा माळढोकाचे नाव घेतात, आणि बाईंना ते सोपे जात नाही. सोलापूरजवळचे नान्नजचे अभयारण्य १९७९ साली माळढोकासाठी राखले गेले. तेथे पक्षी बरे दिसत होते त्या दशकांत त्यांच्या प्रजननाचा विचार झाला नाही, राखीव माळ पुरेसा आहे असे मानले गेले. आज देशभरात मिळून मुक्त अवस्थेत दीडशेपेक्षा कमी माळढोक उरल्याचा अंदाज आहे, महाराष्ट्रात तो जवळपास नाहीसा झाला आहे, आणि त्याची आशा आता राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यातल्या प्रजननकेंद्रांवर आहे, जेथे २०१९ पासून रानातील अंडी आणून उबवली जातात आणि २०२४ साली कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्मले. “नान्नजला माळढोक होते तेव्हाच हे सुरू झाले असते तर?” बाई लगेच उत्तर देत नाहीत. मग म्हणतात, “त्या केंद्रात प्रवाशांना तिकीट काढून सोडत नाहीत, डॉक्टर. पक्ष्याला माणसाची सवय लागू नये म्हणून.” हा भेद महत्त्वाचा आहे. प्रजनन आणि प्रदर्शन एकत्रच असले पाहिजेत असे नाही, आणि पक्षी रानात सोडायचा असेल तर ते एकत्र असूही नयेत. संग्रहालयांतील वीणही पुष्कळदा प्रेक्षकांच्या नजरेआडच चालते. प्रदर्शनातून पैसा येतो आणि त्या पैशावर प्रजनन चालते, या डॉक्टरांच्या म्हणण्यात तथ्य आहे; तो पैसा कोणत्या जातीवर किती खर्च झाला हे प्रवेशद्वारावर लिहिले जावे, ही बाईंची मागणीही तितकीच रास्त आहे.

मग बंदरावरचे सहा तास कसे घालवावेत? बाईंची सूचना अशी की मांडाईला दोन तास पुरेत, आणि तेही ज्यांची वीण होऊन परतपाठवणी चालू आहे अशा मोजक्या जातींपाशी. उरलेला वेळ साधारण अर्ध्या तासाच्या अंतरावरील सुंगेई बुलोह येथे जावा. २००२ पासून राखीव असलेल्या या खारफुटीच्या जागेत सप्टेंबरपासून मार्चपर्यंत सायबेरियापर्यंतच्या उत्तरेकडून आलेले तुतारी आणि चिखले उतरतात. भरतीच्या वेळी बाहेरचा चिखल बुडाला की हे पक्षी आतल्या तळ्यांवर येऊन बसतात, त्यामुळे पाहण्याची योग्य वेळ रोज बदलते. जहाजाच्या सहलीचे वेळापत्रक महिनोन्‌महिने आधी छापले जाते, त्यात हे कसे बसवणार, ही डॉक्टरांची अडचण. त्यावर बाई दाखवून देतात की भरती-ओहोटीचे कोष्टक वर्षभर आधी तयार असते आणि जहाजाच्या कप्तानाच्या टेबलावर ते असतेच. एप्रिल ते ऑगस्ट या महिन्यांत हे पाहुणे नसतात, तेव्हा करड्या बगळ्यांवर आणि पाण्यातल्या मोठ्या घोरपडींवर भागवावे लागेल, हे त्या कबूल करतात. पुलाऊ उबिनला जायला वेळ असेल तर पिवळसर डोक्याचा बुलबुलही ऐकू येऊ शकतो, जो गाण्यासाठी पकडला जाऊन जावातून नाहीसा झाला आणि ज्याच्या जगातील उरलेल्या संख्येचा मोठा हिस्सा आज सिंगापुरात आहे. डॉक्टर ही आखणी स्वीकारतात, फक्त त्या दोन तासांतील निदान वीस मिनिटे बालीच्या मैनेपाशी जावीत आणि तेथे १९९९ च्या दरोड्याची हकीकत वगळली जाऊ नये, अशी अट घालतात; बाईंची त्याला हरकत नाही, मात्र तेथेच सव्वादोन लाख आयात पक्ष्यांचा आकडाही सांगितला जावा, असे त्यांचे म्हणणे आहे.